बेनोची खुर्ची

वाइडेनफुर्टमध्ये बाहेरच्या माणसाला नगरपालिकेत निवडून येता येतं, गायकवृंदात शिरता येतं, मेल्यावर स्मशानभूमीत सावलीची जागाही मिळते. फक्त ‘काळा बैल’ या बिअरघरातल्या श्टामटिशवर बसता येत नाही. ही गोष्ट लोथार केसेलइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, कारण बावीस वर्षं तो त्या टेबलापासून चार हातांवर बसून बिअर पीत आला होता.

श्टामटिश म्हणजे नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल. खिडकीजवळचं, शेगडीच्या उबेतलं, वर पितळी पाटी टांगलेलं. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे चौघं बसायचे. अग्निशमन दलाचा निवृत्त प्रमुख विगांड, बेकरीवाला उल्रिख, कधीच काही न बोलणारा आणि त्यामुळे शहाणा समजला जाणारा हान्नेस, आणि ट्रामचा जुना चालक बेनो. आलेला माणूस हात मिळवत नसे. वाकवलेल्या बोटांनी टेबलावर दोनदा टकटक करायचा आणि बसायचा. बसलेले मान हलवायचे. झाला रामराम. त्यानंतर रात्रीपर्यंत नगरपालिका, गुडघे आणि मेलेली माणसं, या तीन विषयांवर चर्चा चाले.

लोथारचं टेबल होतं कोटांच्या खुंट्यांखाली, शौचालयाच्या दाराला लागून. दार उघडलं की वारा आणि मिटलं की कोटांची ओली बाही तोंडावर. पण तिथून श्टामटिशवरचा शब्दन् शब्द ऐकू यायचा. विगांडने विनोद केला की लोथार हसायचा, पण जरा मागाहून आणि आपल्या ग्लासात बघून, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा आमचे विनोद चोरून ऐकतो. बाजारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान होतं. श्टामटिशवरच्या चौघांच्याही नाकावरचे चष्मे त्यानेच बनवलेले. त्यांच्या डोळ्यांचे नंबर त्याला तोंडपाठ होते, आणि त्यांना तो मात्र दिसत नव्हता.

त्याचा गुन्हा एवढाच की तो उंटरबाखचा. उंटरबाख म्हणजे नदीच्या पलीकडचं गाव. पूल ओलांडायला बाईला बाळाची गाडी ढकलत जितका वेळ लागेल तितकंच अंतर. पण वाइडेनफुर्टमध्ये अशी ठाम समजूत आहे की उंटरबाखचे लोक मोहरीच्या चटणीत साखर घालतात, आणि असल्या माणसांचा भरवसा धरता येत नाही. लोथार लग्न करून इकडे आला, इथेच दुकान थाटलं, इथेच टक्कल पडलं, तरी तो पलीकडचा तो पलीकडचाच राहिला. ते त्याला ‘केसेलसाहेब’ म्हणायचे. आदराने म्हणायचे, आणि तोच आदर लोथारला खुपायचा. त्या टेबलावर बसणाऱ्यालाच ते अरे-तुरे करत, बाकी सगळ्या जगाला अहो-जाहो. लोथारला आयुष्यात फार काही नको होतं. विगांडने एकदा, फक्त एकदा, “अरे लोथार, सरक जरा” म्हणावं, एवढंच.

त्याची बायको गेर्लिंड इथलीच. तिला या सगळ्याचं हसू यायचं.

“टेबलाशीच संसार करायचा होता, तर माझ्याशी कशाला केलास?” ती म्हणायची.

“तुला नाही कळायचं. तू जन्मापासून आत आहेस.”

“आत काय आहे ते मला विचार. विगांड माझ्या वर्गात होता. तेव्हाही तेच तीन विनोद सांगायचा.”

मग बेनो गेला. साधासुधा गेला, दुपारी झोपला तो उठलाच नाही. दफनाला लोथार काळा टाय बांधून हजर होता, आणि मूठभर माती टाकताना त्याला खरंच भरून आलं. बेनोबद्दल वाईट वाटत होतं हे खरं, आणि एक खुर्ची रिकामी झाली हेही खरं. दोन्ही भावना एकाच छातीत गुण्यागोविंदाने नांदत होत्या. त्याची त्याला लाज वाटली, पण फार वेळ नाही. परतताना विगांड त्याच्याशेजारी आला आणि म्हणाला, “केसेलसाहेब, तुम्ही आलात. बरं केलंत.” लोथारने हे वाक्य घरी जाऊन गेर्लिंडला तीनदा ऐकवलं.

रिवाज असा की गेलेल्याची खुर्ची वर्षभर रिकामी ठेवायची. बेनोचा कथलाच्या झाकणाचा मग त्याच्या जागेपुढे पालथा घातला गेला. लोथारने वर्षभर त्या पालथ्या मगाकडे पाहत बिअर प्यायली. हिवाळ्यात एकदा शौचालयातून परतताना विगांड त्याच्या टेबलापाशी थांबला. खुंटीवरच्या कोटांकडे बघत, जणू कोटांनाच सांगतोय अशा सुरात, म्हणाला, “वर्ष होतंय बेनोला. वसंतात बघू काहीतरी.” एवढं बोलून तो गेला. वाइडेनफुर्टमध्ये याहून उघड बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. लोथारला त्या रात्री झोप आली नाही.

वसंत आला, आणि त्याच्याबरोबर मारायके आली.

मारायके ही नगरपालिकेच्या पर्यटन खात्यातली नवी बाई. हाम्बुर्गकडची, उंच, उत्साही, आणि नदीतून येणाऱ्या बोटी आपल्या गावाला न थांबता पुढे का जातात, या प्रश्नाने पछाडलेली. वाइडेनफुर्टमध्ये बघण्यासारखं होतं काय? कॅथेड्रलचा मनोरा होता, तो चढून गेल्यावर दुसरा मनोरा दिसे, तो उंटरबाखचा. दुपारी बाराला आरवणारा लाकडी कोंबडा होता, पण तो बहुतेक दुरुस्तीला गेलेला असे. चौकात पितळी हंसीण होती, तिची चोच चोळली की नशीब उघडतं असं म्हणत. गावातल्या निम्म्या लोकांनी ती लहानपणापासून चोळली होती आणि त्यांचं काय झालं ते सगळे बघतच होते. मारायकेने हे सगळं पाहिलं आणि ठरवलं की पाहुण्यांना दगडधोंडे नकोत, त्यांना माणसं हवीत. मग गुळगुळीत कागदावर रंगीत पुस्तिका निघाली: ‘वाइडेनफुर्टमध्ये कराव्यातच अशा बारा गोष्टी’. सहावी गोष्ट हंसीण. आठवी कांद्याचा केक. आणि सातवी: ‘काळ्या बैलातल्या खऱ्या श्टामटिशवर अस्सल गावकऱ्यांसोबत बसा! टेबलावर दोनदा टकटक करा, आणि बिनधास्त अरे-तुरे करा. इथे सगळे मित्र!’

पहिल्या गुरुवारी बोटीतून हानोवर आणि डॉर्टमुंडकडची मंडळी उतरली. पावसाळी जाकिटं, पाठीवर पिशव्या, हातात पुस्तिका. दार उघडलं आणि त्यातला पहिला गृहस्थ सरळ श्टामटिशकडे चालत गेला, त्याने टकटक केली आणि विगांडच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय रे म्हाताऱ्या, कसा आहेस?”

विगांडला अरे-तुरे करण्याआधी उल्रिखनेसुद्धा काही वर्षं घालवली होती.

“ही जागा राखीव आहे,” विगांड म्हणाला.

“माहितीये ना! आमच्यासाठीच,” गृहस्थ म्हणाला आणि त्याने सातवी गोष्ट उघडून दाखवली.

विगांडने मालकीणबाईंकडे पाहिलं. रोझविताबाईंनी ग्लास पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता. बोटीवरचे लोक दोन-दोन बिअर पितात, वर सॉसेज मागवतात, आणि श्टामटिशवरची मंडळी एका बिअरवर उन्हाळा काढतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुरुवातीला मंडळी चिडली, मग, खोटं कशाला बोला, थोडी सुखावली. अडुसष्ट सालच्या धान्यगोदामाच्या आगीची गोष्ट विगांडने गेली कित्येक वर्षं फक्त हान्नेसला ऐकवली होती. आता त्याला नवे कान मिळाले. पहिल्या आठवड्यात त्याने आगीतून एक घोडा वाचवला. दुसऱ्या आठवड्यात दोन घोडे आणि गोदामवाल्याची मुलगी. तिसऱ्या आठवड्यात ज्वाळा कॅथेड्रलच्या घंटेपर्यंत पोचल्या आणि एका बाईने विचारलं, “ही गोष्ट तू पुन्हा सांगशील का? मी व्हिडिओ चालू करायला विसरले.” विगांडने पुन्हा सांगितली, आणि सांगता सांगता त्याचा चेहरा पडत गेला. खुंट्यांखाली बसलेल्या लोथारला ते स्पष्ट दिसलं.

त्याला स्वतःला जे सोसावं लागत होतं ते तर कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. ज्या टेबलासाठी त्याने बावीस वर्षं ओल्या बाह्या खाल्ल्या, तिथे आज सकाळपर्यंत वाइडेनफुर्टचं नावही न ऐकलेला माणूस येऊन बसत होता, टकटक करत होता, विगांडला ‘अरे’ म्हणत होता, आणि कांद्याचा केक कुठे मिळतो ते विचारून निघून जात होता. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते हेच.

चौथ्या गुरुवारी अर्ध्या चड्डीतल्या एका दांडग्या माणसाने पालथा मग उचलून बाजूला ठेवला आणि तो बेनोच्या खुर्चीत बसला. हान्नेस उठला. त्याने मग रुमालात गुंडाळला, काखेत धरला आणि निघून गेला. त्याच्यामागून उल्रिख गेला, मग विगांड. “अस्सल दिसतात नाही?” चड्डीवाला म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तिघं आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बोट मात्र येतच होती. साठ जण सातवी गोष्ट करायला आत शिरले आणि त्यांना रिकामं टेबल दिसलं. कुणीतरी पुस्तिका उघडून रोझविताबाईंना विचारलं, “गावकरी किती वाजता सुरू होतात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मारायके चष्म्याच्या दुकानात आली. तिने लोथारकडे एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. गिऱ्हाईक चष्म्याच्या दांड्या निवडतं तसं.

“केसेलसाहेब, तुमचा चेहरा किती छान आहे हो! एकदम आतून इथला वाटतो. गुरुवारी तुम्ही श्टामटिशवर बसाल का? नुसतं बसायचं. थोडं रागीट दिसायचं, मग हळूहळू मोकळं व्हायचं. पाहुण्यांना ते फार आवडतं.”

“पण ते टेबल विगांडसाहेबांचं आहे.”

“टेबल रोझविताबाईंचं आहे, आणि त्या हो म्हणाल्यात. कुठल्या खुर्चीवर बसायला आवडेल?”

कुठल्या खुर्चीवर, हे विचारायची गरजच नव्हती.

घरी गेर्लिंडने सूप वाढता वाढता ऐकून घेतलं. “बोलावलं कुणी? त्या मुलीनं? तिला त्या टेबलाची काय किंमत? तिच्यासाठी ते हंसीण आणि केक यांच्या मधलं आहे.”

“विगांड स्वतः म्हणाला होता, वसंतात बघू.”

“मग तो काय म्हणतो ते बघ ना. थांबलास बावीस वर्षं, अजून थोडा थांब.”

“ते येतच नाहीत गं! टेबलच सोडलं त्यांनी. मी कुणासाठी थांबू? जागा ती जागा. कुणीतरी राखायलाच हवी.”

“राख हो राख,” गेर्लिंड म्हणाली. “पण तिनं दिलेली ती टोपी घालू नकोस.”

गुरुवारी लोथारने टोपी घातली. हिरव्या लोकरीची, पीस लावलेली. ती मारायकेने आणून दिली होती. वाइडेनफुर्टमध्ये असली टोपी कधी कुणी घालत नसे. तो आत शिरला, श्टामटिशपाशी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या लाकडावर दोनदा बोटं वाजवली. आवाज त्याच्या कल्पनेपेक्षा पोकळ निघाला. मान हलवायला कुणीच नव्हतं. तो बेनोच्या खुर्चीत बसला. खुर्ची उबदार होती, खिडकीतून पूल दिसत होता, आणि कोटाची एकही बाही तोंडावर येत नव्हती. त्याला इतका आनंद झाला की डोळे पाणावले. बावीस वर्षांनी का होईना, बसला.

बोटीची माणसं आली. टकटक झाली. “तुझं नाव काय रे?” एका गुबगुबीत बाईने विचारलं.

“लोथार.”

“लोथार! तू किती गोड आहेस!”

आणि मग चहूकडून सुरू झालं: लोथार, तू हे सांग, लोथार, तू इकडे बघ, लोथार, तुझी टोपी जरा तिरकी कर. अरे-तुरेचा पाऊस पडला नुसता. ज्या एका थेंबासाठी तो तहानला होता त्याच्या बादल्या डोक्यावर ओतल्या जात होत्या. पहिली बिअर संपेपर्यंत तो रागीट दिसला, दुसरीला मोकळा झाला, आणि तिसरीला त्याने अडुसष्टच्या आगीची गोष्ट सांगायला घेतली. ती त्याला शब्दशः पाठ होती. घोडे या वेळी तीन होते.

“म्हणजे तू अगदी इथलाच?” डॉर्टमुंडच्या एका गृहस्थाने विचारलं.

लोथारने बाहेर पाहिलं. खिडकीतून पुलापलीकडचा मनोरा दिसत होता. त्याच्या सावलीतल्या गल्लीत त्याची आई राहायची आणि मोहरीच्या चटणीत, हो, चिमूटभर साखर घालायची.

“इथलाच!” तो मोठ्याने म्हणाला. “सात पिढ्या! आणि तुम्हाला सांगतो, त्या पलीकडच्या उंटरबाखवाल्यांवर कधी विश्वास ठेवू नका. चटणीत साखर घालतात मेले!”

टेबल खदखदून हसलं. लोथारही हसला, या वेळी मागाहून नाही, सगळ्यांच्या बरोबर. हसता हसता त्याची नजर दाराकडे गेली.

दारात विगांड उभा होता, मागे उल्रिख आणि हान्नेस. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. श्टामटिशकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी कोट काढले, खुंट्यांना अडकवले, आणि त्याच खुंट्यांखालच्या टेबलाशी बसले. शौचालयाच्या दारालगत. लोथारच्या टेबलाशी. उल्रिखने शेजारून जास्तीच्या खुर्च्या ओढून घेतल्या. हान्नेसने रुमाल सोडला आणि बेनोचा मग टेबलावर ठेवला. पालथा नाही, सुलटा. रिकाम्या चौथ्या खुर्चीपुढे.

“रोझविता,” विगांडने हाक मारली, “केसेलसाहेब आले नाहीत का अजून? त्यांच्या टेबलावर बसायचं म्हणजे त्यांना विचारायला हवं.”

रोझविताबाईंनी चार बिअर आणल्या होत्या. चौथी कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. त्यांनी मानेनेच श्टामटिशकडे खूण केली. मग विगांडने पाहिलं. हिरवी टोपी पाहिली, पीस पाहिलं, खालचा चेहरा पाहिला. लोथारनेच बनवलेल्या चष्म्यातून त्याला सगळं अगदी स्वच्छ दिसलं असणार.

लोथार उठला. चार हातांचं अंतर होतं, पण पार करताना दोनदा पाहुण्यांच्या पिशव्यांत पाय अडकला. बेनोचं वर्ष याच आठवड्यात भरलं, हे त्याला तेव्हा आठवलं. ‘वसंतात बघू’ म्हटलेलं बघायलाच ते आले होते, तेही त्याच्याच टेबलावर, कारण बारा गोष्टींच्या यादीत न आलेलं गावात तेवढंच एक टेबल उरलं होतं. आज तो आपल्या नेहमीच्या जागी नुसता बसून राहिला असता, तरी श्टामटिश चालत त्याच्याकडे आलं असतं.

तो टेबलापाशी पोचला. त्याने वाकवलेल्या बोटांनी लाकडावर दोनदा टकटक केली.

तिघांनी त्या बोटांकडे पाहिलं. मान कुणीच हलवली नाही.

“ते आम्ही सोडलं आता,” विगांड शांतपणे म्हणाला. “ते पाहुण्यांचं झालं.”

“विगांड... म्हणजे, विगांडसाहेब. मी नुसता जागा राखायला म्हणून—”

“छान राखलीत. सात पिढ्या म्हणे? अभिनंदन.”

“चेष्टेत म्हणालो हो. तुम्हाला ठाऊकच आहे मी कुठला.”

“आम्हाला ठाऊक होतं,” आजवर कधीच न बोलणारा हान्नेस म्हणाला. “तुम्हीच विसरलात.”

विगांडने खुंटीवरचा आपला कोट काढला, नीट घडी घालून चौथ्या खुर्चीवर ठेवला. खुर्चीवर कोट म्हणजे जागा भरलेली; या देशात यापुढे बोलायचं काही उरत नाही. ठेवलेला कोट उचलायची हिंमत चड्डीवाल्यालासुद्धा झाली नसती.

“तुमचं टेबल ते, केसेलसाहेब,” तो खिडकीकडे बोट दाखवून अदबीने म्हणाला. “जा, मंडळी खोळंबलीत तुमच्यासाठी.”

खोळंबली होतीच. साडेदहाला बोट सुटायची होती आणि तिसरा घोडा अजून आगीतच होता. “अरे लोथार, ये ना!” गुबगुबीत बाईने हात हलवून हाक मारली. “सरकतो आम्ही! तुझी जागा धरून ठेवलीय बघ!”